पट्टी दिसते, काम कापड करतं

या महिन्याच्या टपालात एकच विषय पुन्हा पुन्हा आला: बारीक लाकडी पट्ट्या कापडावर शेजारी शेजारी चिकटवून केलेलं, चटईसारखं गुंडाळता येणारं पॅनेल. दुकानात कुणी त्याला फ्लेक्सिबल म्हणतं, कुणी फ्लुटेड, कुणी लूव्हर. जुनं नाव टँबूर. हा फ्रेंच शब्द, अर्थ ढोल.

माझे वडील सोलापूरच्या पूर्व भागात हातमाग बनवणारे सुतार होते. डॉबीच्या, म्हणजे नक्षीचं कापड विणणाऱ्या, मागाला लाकडी पट्ट्यांची साखळी असते. पट्ट्यांत खुंट्या ठोकलेल्या असतात, साखळी रुळावरून फिरत राहते आणि कुठले धागे उचलायचे ते त्या खुंट्या ठरवतात. दुरुस्तीला आलेली ती साखळी मनगटावर गुंडाळून मी खेळायची. म्हणून हे पॅनेल पहिल्यांदा हातात आलं तेव्हा मी आधी ते उलटं करून पाठ बघितली. तुम्हीही दुकानात हेच करा. पुढची पट्टी सगळ्यांचीच छान दिसते. पॅनेल किती वर्षं टिकणार, ते पाठीवरचं कापड आणि डिंक ठरवतो.

प्रश्न : ताई, जुळे सोलापुरात आमचा फ्लॅट झालाय. हॉलच्या मधोमध चौकोनी खांब आलाय, प्लास्टरसकट नऊ इंचांचा. येता-जाता मुलांना त्याची धार लागते. त्याला गोल करून लाकडी पट्ट्यांचं पॅनेल लावावं असं मनात आहे. मिस्त्री म्हणतात, खांबालाच चिकटवून टाकू. चालेल का?

नाही चालणार. नव्वद अंशाच्या धारेवर कापड एकाच रेषेत मोडतं आणि तिथल्या दोन पट्ट्यांमध्ये मोठी फट पडते. वर्ष-दोन वर्षांत नेमकं तिथेच कापड सुटतं. खांबाभोवती आधी गोल सांगाडा हवा.

हिशेब असा. नऊ इंची चौकोनाचा कर्ण पावणेतेरा इंच भरतो, म्हणजे तेरा इंचांपेक्षा लहान गोल बसणारच नाही. तुम्ही १४ इंच व्यासाचा धरा. १८ मिलिमीटर प्लायच्या कड्या कापायला सांगा, मध्ये चौकोनी भोक आणि प्रत्येक कडी दोन तुकड्यांत. जोड चौकोनाच्या बाजूवर येऊ द्या. कोपऱ्यावर प्लाय जेमतेम अर्धा-पाऊण इंच उरतो, तिथे जोड आला तर कडी तुटेल. खाली एक, वर एक आणि मध्ये दर दीड फुटाला एक.

१४ इंचांच्या कडीचा घेर ४४ इंच. पॅनेल चार फूट रुंद मिळतं, म्हणजे एका पॅनेलमध्ये काम होतं. १८ मिलिमीटरची पट्टी घेतली तर बरोबर ६२ पट्ट्या बसतात. पट्टी उभी चिरून बसवायची वेळ येत नाही, म्हणून मी १४ इंच म्हटलं. वेगळ्या रुंदीची पट्टी निवडणार असाल तर आधी पट्ट्या मोजा आणि मग कडी कापायला द्या. मिस्त्री आधी कडी कापतात आणि शेवटची पट्टी तासत बसतात. ती तासलेली पट्टी मग रोज डोळ्यात खुपते.

कापड आतल्या बाजूला, खांबाकडे. मग पट्ट्या बाहेरच्या अंगाला पंख्यासारख्या उघडतात. पट्टी १२ मिलिमीटर जाड असेल तर समोरून दोन पट्ट्यांमध्ये सव्वा मिलिमीटरच्या आसपास फट दिसेल. तेवढी दिसलीच पाहिजे, गोलाईला सावली त्या फटीमुळेच येते. मात्र रंग किंवा पॉलिश पॅनेल सपाट ठेवून मारलं तर वाकवल्यावर त्या फटीतून कोरी बाजू पांढरी डोकावते. आमच्याकडे आम्ही पॅनेल रिकाम्या पिंपाला गुंडाळतो आणि मगच स्प्रे मारतो. पट्टीच्या बाजूंनाही रंग लागतो आणि दोन पट्ट्या रंगाने एकमेकींना चिकटत नाहीत.

खाली फरशीपासून चार इंच ग्रॅनाइटची स्कर्टिंग घ्या, पॅनेल तिच्यावर बसू दे. पट्ट्या एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, असतील तर ही अट समजा. लादी पुसताना रोज थोडं पाणी खालच्या टोकाला लागतं. ते टोक फुगलं की पुन्हा बसत नाही, पॅनेलच बदलावं लागतं. आणि पॅनेल आठ फुटांचं येतं, छत त्याहून उंच असतं. वर जोड देण्यापेक्षा आठ फुटांवर सागवानी पट्टा फिरवून थांबा, वरचा भाग गुळगुळीत गोल करून भिंतीच्या रंगाचा ठेवा. मला स्वतःला ते जास्त आवडतं. खांब खालपासून वरपर्यंत लाकडाने मढवला की हॉल बुटका वाटतो.

प्रश्न : देवघरासाठी भिंतीत अर्धगोल कोनाडा केला आहे. त्याला आतून हेच पॅनेल लावता येईल का? (विजापूर रोडवरून एक वाचक)

इथे वाक उलटा आहे. खांबावर पट्ट्या उघडतात, कोनाड्यात त्यांची तोंडं एकमेकींवर दाबली जातात. चौकोनी कडांच्या, घट्ट लावलेल्या पट्ट्या आत वळतच नाहीत. जोर केला तर कापडावरून उखडतात. अर्धगोल माथ्याची पट्टी घ्या, किंवा मुळातच अंतर सोडून लावलेली. दुकानात पॅनेल हातात धरून दोन्ही बाजूंनी वाकवून बघा, लगेच कळतं.

पण वहिनी, समईच्या मागे हे लावूच नका. काजळी पट्ट्यांच्या सांदीत बसते आणि पुसली की पसरते. शिवाय ज्योतीजवळ लाकूड आणि कापड, हा धोका कशासाठी घ्यायचा? समईच्या मागच्या भागात दगड किंवा पितळी पत्रा ठेवा. पट्ट्या दोन्ही कडांना आणि वरच्या कमानीला, ज्योतीपासून चांगल्या लांब.

प्रश्न : आम्ही पूर्व भागात राहतो. कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा आमचा घरगुती व्यवसाय आहे. ओट्यावर मिक्सर, डबे, वजनकाटा सगळं उघड्यावर असतं. दुकानाच्या शटरसारखं वर सरकणारं लाकडी शटर करायचंय. सुतार म्हणतो अडकतं, दारंच लावा. खरं काय?

सुतार म्हणतो ते होतं, आणि ते का होतं हे मी माझ्या हाताने केलेल्या चुकीतून शिकले. माझं पहिलं शटर मावशीच्या स्वयंपाकघरातलं. ऐन मे महिन्यात केलं. त्रेचाळीस अंशांत लाकूड पार सुकलेलं होतं आणि मी पट्ट्या एकमेकींना भिडवून, पाचर मारून चिकटवल्या. एकही फट नाही म्हणून मी खूश होते. जुलैत मावशीचा निरोप आला, शटर अर्ध्यावर थांबलंय, वरही जात नाही आणि खालीही येत नाही. हवेतली ओल पिऊन एकेक पट्टी केसभर फुगली होती. एका पट्टीचा केस म्हणजे काहीच नाही, पण चाळीस पट्ट्यांचे चाळीस केस झाले आणि पट्ट्यांची टोकं ज्या खाचेतून सरकतात तिथे जागा उरली नाही. मावशी आठवडाभर त्या अर्ध्या फटीतून हात घालून डबे काढत होती. मला फार वाईट वाटलं, आणि अख्खं शटर मी पुन्हा केलं.

तेव्हापासून माझा नियम असा: उन्हाळ्यात चिकटवायचं असेल तर दर दोन पट्ट्यांमध्ये पोस्टकार्ड उभं धरायचं आणि डिंक धरला की काढून घ्यायचं. श्रावण-भाद्रपदात चिकटवायचं असेल तर पट्ट्या भिडवल्या तरी चालतात, उन्हाळ्यात सुकून त्यांच्यात आपोआप फट पडेल. सोलापूरच्या हवेत हा फरक मोठा असतो. कोकणातला किंवा मुंबईतला नमुना बघून इथे काम करू नये.

अडकण्याचं दुसरं कारण म्हणजे खाचेचं वळण. पट्टी सरळ असते, खाच वळणावर गोल असते. पट्टी जितकी रुंद आणि वळण जितकं आवळ, तितकी पट्टीची टोकं खाचेच्या भिंतीला घासतात. पट्टी १६ मिलिमीटर आणि वळणाची त्रिज्या तीन इंच असेल तर खाच टोकापेक्षा अर्धा मिलिमीटर मोकळी लागते. एक मिलिमीटर सोडलीत की शटर पाण्यासारखं चालतं. तेच २५ मिलिमीटरची पट्टी दोन इंचांच्या वळणावरून नेली तर दीड मिलिमीटर मोकळीक हवी, आणि एवढी सैल खाच केली की सरळ भागात शटर खडखडतं. तेव्हा पट्टी अरुंद ठेवा, वळण मोठं ठेवा. सुताराला सांगा, पट्टीच्या टोकाची जीभ ६ मिलिमीटर, खाच ७ मिलिमीटर, त्रिज्या तीन इंचांच्या खाली नको. एवढ्या तीन मापांवर तो तयार असेल तर शटर करा, नसेल तर त्याचं ऐका आणि दारंच लावा.

तुमच्यासाठी अजून दोन गोष्टी. शटर वर गेल्यावर मागे जिथे उतरतं तिथे पातळ फळी घालून वेगळा कप्पा करा, नाहीतर ते डब्यांवर येऊन बसेल. आणि खाचेचं मागचं तोंड उघडं राहू द्या. पाठीची फळी चार स्क्रूंवर ठेवली की शटर मागून अख्खं बाहेर काढता येतं. शेंगादाण्याच्या कुटाचं तेल आणि पिठाची भुकटी मिळून खाचेत लुकणासारखा थर जमतो. वर्षातून दोनदा शटर काढून खाच कोरड्या ब्रशने साफ करा, मग पांढरी मेणबत्ती खाचेत घासा. शिलाई मशीनचं तेल सोडू नका. त्याला पीठ आणखी चिकटतं. शेगडीपासून शटर दोन-तीन फूट तरी लांब असावं.

प्रश्न : होटगी रोडला आमच्या खोलीत मी तबल्याचा रियाज करतो. शेजारी तक्रार करतात. फेल्टवर लाकडी पट्ट्या लावलेलं ध्वनिशोषक पॅनेल लावलं तर आवाज बाहेर जायचा थांबेल?

थांबणार नाही, म्हणून त्यासाठी पैसे घालू नका. त्या पॅनेलने खोलीतला आवाज घुमायचा कमी होतो आणि तुम्हाला स्वतःला बोल स्वच्छ ऐकू येतात. शेजाऱ्याकडे जाणारा आवाज अडवायला वजन आणि बंदिस्तपणा लागतो: जाड भिंत, भरीव दार, दाराखालची फट बुजवणं. डग्ग्याचा खर्ज तर या पातळ फेल्टला दादच देत नाही. पहिल्यांदा दाराची फट आणि खिडकी बघा, आणि तबला जाड सतरंजीवर घ्या. त्यानंतरही खोली घुमत असेल तर पॅनेलचा विचार करा. तेव्हा ते भिंतीला थेट न चिकटवता मागे दोन इंच जागा सोडून लावा.

प्रश्न : भाड्याचं घर आहे, भिंतीला खिळा मारायचा नाही. एका खोलीत मुलीच्या अभ्यासासाठी आडोसा करायचाय.

याला तर हे पॅनेल म्हणजे नेमकं उत्तर आहे. फिनलंडच्या अल्वार आल्टो या वास्तुरचनाकाराने १९३६ साली पाइनच्या उभ्या पट्ट्यांचा असा पडदा केला. तो नुसता जमिनीवर ठेवायचा, खिळा नाही की चौकट नाही. नागमोडी वळवला की स्वतःच्या वाकावर उभा राहतो, गुंडाळला की कोपऱ्यात मावतो. सरळ रेषेत उभा केला तर पडतो. एवढं मुलीला समजावून ठेवा. उंची पाच फूट पुरे, लांबी किमान सहा फूट घ्या म्हणजे दोन वाक नीट येतात. पट्टी जरा वजनदार हवी, बाजारातलं हलकं पीव्हीसी पंख्याच्या वाऱ्याने सरकतं. उन्हाळ्यात वाळ्याचा पडदा लावून त्यावर पाणी मारायची आपल्याकडची रीत आहे, त्या हौसेने यावर मात्र पाणी मारू नका.

प्रश्न : आजोबा सोलापूरच्या कोर्टात वकिली करायचे. त्यांचं सरकत्या झाकणाचं लिहायचं टेबल माझ्याकडे आहे. झाकणाच्या मागचं कापड फाटून पट्ट्या सुट्या झाल्यात. दोन सुतारांनी सांगितलं, झाकण काढून सनमायका मारून देतो. मला ते करवत नाही. काही उपाय आहे का?

काका, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्या टेबलाला सनमायका लावू देऊ नका. पट्ट्या शाबूत असतील तर झाकण पुन्हा होतं, आणि बहुतेक वेळा पट्ट्या शाबूतच असतात. जातं ते कापड. या टेबलांचा मोठा काळ १८८२ नंतरचा. त्या वर्षी अमेरिकेत ॲबनर कटलर यांनी आपल्या सरकत्या झाकणाच्या टेबलाचं पेटंट घेतलं, आणि पुढे कचेऱ्या-कचेऱ्यांतून हा घाट पसरला. दिवस संपला की कागद जिथल्या तिथे ठेवून झाकण ओढायचं आणि कुलूप लावायचं. वकिलांना ते का आवडलं असेल, हे काही तुम्हाला सांगायला नको.

टेबलाची पाठ भिंतीकडून फिरवून घ्या. मागची फळी स्क्रूंवर किंवा बारीक खिळ्यांवर असेल. ती काढली की झाकण खाचेतून मागे खाली उतरतं. ओढू नका, दोघांनी हातावर तोलून घ्या. बाहेर आलं की सगळ्यात आधी प्रत्येक पट्टीच्या पाठीवर पेन्सिलीने आकडा आणि वरच्या दिशेचा बाण काढा. ऐंशी-नव्वद वर्षं घासून प्रत्येक पट्टी आपापल्या जागेला बसलेली असते, अदलाबदल झाली की झाकण अडखळतं.

जुनं कापड बहुधा सरसाने चिकटवलेलं असेल. कोमट पाण्यात पिळलेलं फडकं दहा मिनिटं ठेवा, सरस मऊ पडतो, मग बोथट पटाशीने हलक्या हाताने खरवडा. लाकूड भिजवायचं नाही. पट्ट्या सावलीत, सपाट फळीवर, वर वजन ठेवून चार दिवस वाळू द्या.

आता कापड. कापडाच्या बाबतीत सोलापूरच्या माणसाला बाहेर बघायची गरज नाही. घट्ट विणीचं जाड सुती कॅनव्हास घ्या. सिंथेटिक नको, त्यावर सरस धरत नाही. तागा आणल्या आणल्या वापरू नका. मागावरून आलेल्या कापडाला खळ असते, ती धुऊन गेली नाही तर डिंक खळीला धरतो आणि धाग्याला धरतच नाही. गरम पाण्यात दोनदा धुवा, वाळवा, इस्त्री करा. त्याने जे आटायचं ते आधीच आटतं. कापताना ताण्याचे धागे, म्हणजे मागावर लांबीला असतात ते, झाकण ज्या दिशेला सरकतं त्या दिशेला घ्या. बाण्याकडून, म्हणजे आडव्या धाग्यांकडून, कापड जास्त ताणतं. वडील कापडाचा तुकडा दोन्ही हातांत धरून एकदा उभा, एकदा आडवा झटकायचे. ज्या बाजूला कडक टण्ण आवाज यायचा तो ताणा. मी अजून तसंच ओळखते.

मोठ्या फळीवर गुण्या लावून दोन पट्ट्या काटकोनात ठोका. त्या कोपऱ्यात झाकणाच्या पट्ट्या तोंड खाली करून आकड्याप्रमाणे मांडा आणि पाचरीने नीट सरळ करा. कापड दोन्ही टोकांना पाऊण इंच आत ठेवा, ते खाचेत जाता कामा नये. चिकटवायला सरसच वापरा. पांढरा डिंकही पक्का बसतो, पण पुढे कधी कापड बदलायचं झालं तर सरस पुन्हा सुटतो, पांढरा डिंक लाकूड घेऊन निघतो. थर पातळ असू दे, कापडाच्या वर ओला डाग उमटेल इतकाही नको. मधून कडेला, हाताच्या तळव्याने दाबत जा.

सगळ्यात महत्त्वाचं पुढचं. तासाभराने, सरस धरला पण खडा झाला नाही अशा वेळी, अख्खं झाकण उचला आणि टेबलाच्या कडेवरून एकेक पट्टी सावकाश वाकवत न्या. सांदीत उतरलेला सरस बारीक कट् कट् आवाज करत तुटतो. प्रत्येक सांधीतून तो आवाज यायला हवा. जिथे येणार नाही तिथे पातळ सुरी फिरवा. हे राहून गेलं तर सकाळी तुमच्या हातात गुंडाळणारं झाकण नसेल, फळी असेल. मग पुन्हा सपाट मांडून रात्रभर वजनाखाली ठेवा.

आता वैशाख आहे, म्हणून पोस्टकार्डाची गोष्ट इथेही लागू. मात्र दर पाच-सहा पट्ट्यांनंतर एक पुरे, जुनं लाकूड नव्याइतकं हलत नाही. घाई नसेल तर गड्ड्याच्या जत्रेपर्यंत थांबा. संक्रांतीच्या सुमाराला हवा ना फार कोरडी, ना ओली. तोवर सुट्या पट्ट्या क्रमाने दोऱ्यात बांधून त्याच टेबलाच्या खणात ठेवा. झाकण उतरवल्यावर मागच्या खाचांचा आणि पट्टीच्या टोकाचा फोटो काढून मापासकट मला पाठवा. टोक झिजून चार मिलिमीटरच्या खाली गेलं असेल तर कापड लावण्याआधी तेवढ्या पट्ट्या सागवानात नव्याने कराव्या लागतील. त्या कशा करायच्या, ते माप बघून कळवते.